सरांचा पगार

आमच्या बापाचं ऐका. कॉलेज सोडून मी जीप चालवतो, हे त्याला अजून पचलेलं नाही. परवा जव्हारला दाभोसा गावाला जाणारी जीप भरायची वाट बघत होतो, तर बापानं माझ्या जुन्या सरांनाच पकडून आणलं.

"सर, शिकल्यावर पगार किती मिळतो, सांगा ह्याला. मग चावीच काढून घेतो ह्याची!"

सर घड्याळ बघायला लागले. पण बाप कसला सोडतोय? "लाजू नका, मोठ्यानं सांगा!"

"तासावर आहे हो मी. सुट्टीत तेवढंही नाही." मग सरांनी मलाच विचारलं, "तुला किती सुटतात रे?"

मी सांगितलं.

"रविवारी मला चालवायला देशील?"

अख्खी जीप हसली. बाप मग रस्त्याकडे तोंड करून ओरडला, "दाभोसा, दाभोसा! दोनच सीट बाकी!"