डावीकडच्या माणसाचे दात

नाव: ओळखपत्रावर आहे ते. थिएटरात सगळे रडक्या म्हणतात, त्या नावाने विचारले तर लवकर सापडतो.
वय: तेवीस.
शिक्षण: सातवी, परीक्षेला बसलो नाही.
धंदा: सिनेमा थिएटरात दारावर तिकिटे फाडणे, बॅटरी दाखवून लोकांना जागेवर बसवणे, शो सुटल्यावर झाडणे.
पत्ता: थिएटरच्या मागच्या जिन्याखालची खोली. मूळ घर येथून दोन दिवसांच्या प्रवासावर, तिथे आई, मोठा भाऊ म्हणजे दादा, आणि वहिनी.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, पुन्हा सांगतो आणि या वेळी खाली सही करून सांगतो की, मी त्या निळ्यासाठी रडलो नाही. हेच मी दादाला फोनवर सांगितले, वहिनीकडून सांगून पाहिले, काल थिएटरात तोंडावर सांगितले. त्याला पटत नाही. त्याचे लहानपणापासून असेच आहे, एकदा डोक्यात बसले की बसले. हवालदारसाहेब म्हणतात हे जबाबात नको, काय झाले तेवढे लिही. त्यांच्या उजव्या हाताला प्लास्टर आहे म्हणून लिहिण्याचे काम माझ्यावर आले आहे. लिहितो. पण झाले ते इथूनच सुरू होते.

निळ्या म्हणजे कॉमिकच्या पुस्तकातला उडणारा वीर. निळा झगा घालतो म्हणून आम्ही कामगार त्याला निळ्या म्हणतो. त्याचा सिनेमा आमच्याकडे लागला त्या दिवशी सिनेमा कंपनीची माणसे कॅमेरे घेऊन आली. पडद्याच्या खाली दोन कॅमेरे लावले, अंधारातही टिपणारे, तोंड खुर्च्यांकडे. सिनेमा त्यांच्याकडे होताच. त्यांना बघणाऱ्यांची तोंडे हवी होती. लोक शिट्ट्या मारतात, उभे राहतात, रडतात, ते सगळे जोडून पुढची जाहिरात करतात.

पण लोकांचा भरवसा नसतो. स्वतःचे पैसे देऊन आलेला माणूस गप्प बसून पॉपकॉर्न खातो. म्हणून आम्हा सहा जणांना घरचे कपडे घालून लोकांच्या मधेमधे बसवले होते. मॅनेजर कडेच्या भिंतीला बॅटरी घेऊन उभे. बॅटरी एकदा लुकलुकली की शिट्टी, दोनदा लुकलुकली की टाळ्या, तोंडावर धरून ठेवली की डोळे पुसायचे. शो बदलला की आम्ही शर्ट बदलायचे आणि जागाही बदलायच्या. एकाने सुरुवात केली की बाकीचे आपोआप करतात, हे मी पाहिले आहे. शेजारचा रडतो म्हटल्यावर चांगली जाडजूड माणसेसुद्धा रुमाल काढतात.

रडण्याचे काम मला दिले होते, कारण मॅनेजरच्या मते माझा चेहराच तसा आहे. कुठे रडायचे तेही ठरलेले होते. अगदी शेवटी निळ्याचा म्हातारा गुरू मरतो तिथे. हे मी लपवत नाही. दादालाही मीच सांगितले. तेच नडले, असे वहिनीचे म्हणणे.

काम चालू असताना मोबाइल जवळ ठेवायला मनाई आहे. मी तो पायमोज्यात ठेवला होता, कारण आबा, म्हणजे आमचे वडील, आजारी होते आणि दादाने फोन जवळ ठेव असे सांगितले होते. सिनेमाच्या मध्यावर एक विनोदी जागा आहे. निळ्याचा झगा लिफ्टच्या दारात अडकतो, लिफ्ट वर जाते, आणि आकाशात उडणाऱ्या माणसाला चड्डीवर जिना चढावा लागतो. तिथे बॅटरी लागत नाही. सगळे थिएटर आपले आपण हसते. पहिल्या शोला नेमका त्याच वेळी पायमोज्यात फोन थरथरला. दादाचा मेसेज होता. आबा गेले, एवढाच.

त्यानंतर किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. कॅमेऱ्यात दिसते तेवढे झाले. माझ्या डावीकडे एक इसम बसला होता, मध्यमवयीन, अंगाने भरलेला, वरचा एक दात नसलेला. तो मांडीवर थापा मारून हसत होता. एक थाप माझ्याही मांडीवर पडली. ओळख नसताना माणूस अशा वेळी मारतो तशी. तो मला वाईट वाटला नाही.

मध्यंतरात मी जिन्यात जाऊन फोन लावला. दादा म्हणाला, तुला यायला दोन दिवस लागतील, तोवर आम्ही थांबू शकत नाही, येऊन करणार काय, पैसे पाठव. मी बरं म्हणालो. दादाची तक्रार आहे की मी नुसते बरं म्हणालो. ते खरे आहे. मॅनेजर मागे येऊन उभे होते आणि घड्याळ दाखवत होते. आता गावात दादा सांगतो की मी आलो नाही. येऊ नकोस असे तोच म्हणाला, हे तो सांगत नाही. हवालदारसाहेबांनी ही ओळ खोडायला सांगितली होती. मी म्हणालो, खोडतो, आणि विसरलो.

मी परत आत जाऊन बसलो. शेवटी गुरू मेला. मॅनेजरनी बॅटरी माझ्या तोंडावर धरली. धरूनच ठेवली. डोळ्यांत पाणी आले नाही. मी बोटे डोळ्यांना लावली, तोंड वाकडे केले, पण कोरडे ते कोरडेच. कॅमेरेवाल्यांनी मान हलवली. त्याबद्दल माझा त्या दिवसाचा भत्ता कापला गेला. मॅनेजर म्हणाले, एवढं एक काम दिलं होतं तुला.

पुढच्या आठवड्यात जाहिरात आली. त्यात गुरू मरतो, आणि लगेच मी रडतो. लिफ्टच्या वेळचे माझे रडणे उचलून त्यांनी तिथे लावले होते. मला कोणी विचारले नाही. कापलेला भत्ता परत दिला नाही. निळ्याचे चित्र असलेला एक टी-शर्ट दिला, तो घालून मी फरशी पुसतो. ती जाहिरात सगळीकडे गेली. लोक तिकीट फाडताना माझ्याकडे निरखून बघू लागले, सोबत फोटो काढू लागले. एका बाईंनी माझा हात हातात घेऊन म्हटले की इतका जीव लावणारी माणसे आता राहिली नाहीत. मी त्यांना त्यांची रांग दाखवली.

ती जाहिरात दादानेही पाहिली. त्यात दोन प्रकार आहेत, हे साहेबांनी नीट समजून घ्यावे, कारण माझे सगळे त्यावरच आहे. मोबाइलवर जी आली ती उभी, अरुंद. तिच्यात मी एकटा दिसतो. थिएटरच्या दर्शनी हॉलमध्ये जो मोठा टीव्ही होता त्याच्यावरची आडवी, रुंद. तिच्यात माझ्या डावीकडचा इसम अर्धा दिसतो. तो हसतो आहे. दात दिसतात, एक नाही तेही दिसते. गुरू मेल्यावर कोणी मांडीवर थापा मारून हसेल का? एवढे एकदा दादाने बघितले असते तर मी कधी रडलो हे मला सांगावे लागले नसते. टीव्हीचा मोबाइलने फोटो काढून पाहिला, त्यात नुसती चकाकी आली, म्हणून मीच त्याला फोन करून बोलावले. साहेबांनी विचारले होते, तो स्वतःहून आला की बोलावून? बोलावून आला. दोन दिवस प्रवास करून आला.

काल दुपारच्या शोच्या आधी तो आला. हातात कापडी पिशवी होती. आधी त्याने मी पाठवलेले पैसे काढून तिकीट फाडायच्या स्टुलावर ठेवले, जसेच्या तसे, रबर लावलेले. मी म्हटले, दादा, हे नंतर, आधी जेवून घे. तो म्हणाला, जेवायला आलेलो नाही.

मग तो जे बोलला ते लिहितो, कारण भांडण झाले का असे विचारले आहे. भांडण झाले नाही. आवाज चढला नाही. तो म्हणाला, "फोनवर तुझा आवाजसुद्धा हलला नाही. मी तुझ्या वहिनीला म्हटलं, पोरगा धीराचा निघाला. चार लोकांत तसं सांगितलं मी. आणि तू रडलास ते ह्या झगेवाल्यासाठी."

मी म्हणालो, "दादा, पाच मिनिटं उभा राहा. माझ्या डावीकडे बघ. दुसरं काही बघू नकोस."

मी त्याला दंडाला धरून टीव्हीपुढे उभे केले. जाहिरात फिरत असते. आधी शिट्ट्या, मग टाळ्या, मग एक आजोबा काठी उंचावून उभे राहतात, त्यानंतर मी. आम्ही शिट्ट्या बघितल्या. टाळ्या बघितल्या. दादा खरेच बघत होता. पिशवी खाली ठेवली होती त्याने.

तेवढ्यात कॉलेजची चारपाच मुले तिकिटे घेऊन आली. त्यांनी मला ओळखले. एक जण म्हणाला, ए रडक्या, एकदा रडून दाखव की, आणि मोबाइल वर धरला. मी हाताने नको म्हटले. मग तो दादाकडे वळला. त्याचा काही वाईट हेतू नव्हता, तो कौतुकच करत होता. तो म्हणाला, "काका, हा आपला स्टार आहे. निळ्याच्या सिनेमात बाप मेल्यासारखा रडलाय."

रांगेला दोरी बांधायला स्टीलचे खांब असतात, खाली जड तबकडी असलेले. दादाने त्यातला एक उचलला. मला वाटले मुलाला मारतो, म्हणून मी मुलाच्या पुढे गेलो. त्याने मुलाकडे बघितलेही नाही. त्याने तो टीव्हीत घातला. एकदाच. पडद्यावर काठी उंचावलेले आजोबा होते. त्यांच्यानंतर मी येणार होतो. टीव्ही काळा झाला, एक उभी रेघ राहिली, मग तीही गेली. कोणाला इजा झाली नाही. पॉपकॉर्नच्या काउंटरवरची ताई ओरडली, तेवढीच. पलीकडे उभ्या असलेल्या काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ती सिनेमाची जाहिरात वाटली असावी.

दादाने खांब परत जागेवर ठेवला, दोरीही लावली. नंतर मॅनेजर आले आणि तुमची माणसे आली.

दादा तापट नाही. आमच्या आबांचे रद्दीचे दुकान होते, ते आता दादा बघतो. आम्ही लहान असताना रद्दीत कॉमिकची पुस्तके यायची, शेवटची पाने फाटलेली. पुढे काय झाले ते आम्ही आबांना विचारायचो. आबांना वाचता येत नव्हते. ते उरलेली चित्रे बघायचे आणि सांगायचे, पुढं काय, गेला घरी, जेवला, झोपला. दादा म्हणायचा, उडणारा माणूस झोपेल कशाला? आबा म्हणायचे, का, तो दमत नाही का? प्रत्येक पुस्तकाचा शेवट तोच. हे कशाला लिहितोस असे साहेब विचारतात. निळ्या मला आबांपेक्षा जवळचा झाला असे दादा म्हणतो, म्हणून लिहितो. मला निळ्या माहीत आहे तो आबांच्या दुकानातून. दादालाही तिथूनच.

मॅनेजरचे म्हणणे आहे की टीव्हीची किंमत भरून दिली तर ते तक्रार मागे घेतील आणि दादाला आज सोडता येईल. ती माझ्या पगारातून महिन्याच्या महिन्याला कापून घ्यावी. दादाला तिथे मीच उभे केले होते, त्यामुळे ते माझ्याकडेच लागते. मी मॅनेजरना एकच मागितले. ती रुंद जाहिरात त्यांच्या कॉम्प्युटरवर असेल, ती दादाला एकदा दाखवा. ते म्हणाले, शुक्रवारपासून दुसरा सिनेमा आहे, जुने सगळे आज सकाळीच पुसून टाकले. कंपनीकडे फोन करा म्हटले, तर म्हणाले, कंपनीला काय हेच काम आहे का?

तरी माझी विनंती लिहून ठेवावी. त्या दिवशी पहिल्या शोला माझ्या डावीकडे बसलेला इसम कोणाला आढळला तर त्याने पोलीस ठाण्यात यावे. त्याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. निळ्याचा झगा लिफ्टमध्ये अडकला तेव्हा मी हसत होतो आणि माझ्या शेजारचा मुलगा रडत होता, एवढे त्याने आमच्या दादाला सांगावे. साहेब म्हणतात, असा साक्षीदार या गुन्ह्यात लागत नाही. मला लागतो.

माझी दादाविरुद्ध तक्रार नाही.

वरील मजकूर मी माझ्या हाताने लिहिला असून हवालदारसाहेबांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच आहे, त्यात कोणी कमीजास्त केलेले नाही. वाचताना दार उघडे ठेवा असे मी म्हटले होते, त्यांनी ठेवले. दादा बाहेरच्या बाकावर दाराला लागूनच बसला आहे, त्यामुळे त्यालाही सगळे ऐकू गेले असणार. वाचून संपल्यावर मी वाकून बघितले. तो पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होता. त्याने वर बघितले नाही.

सही केल्यावर साहेबांच्या परवानगीने खाली दोन ओळी वाढवत आहे. स्टुलावर राहिलेले रबर लावलेले पैसे जप्त मालात धरले होते, ते आज मला परत मिळाले. दादा घेत नाही, म्हणून ते त्याच्या नावाने पाठवत नाही. आईच्या नावाने, आजच्या आज, मोजून चार हजार तीनशे.