शेवटी 'ओन्ली' घातलंत का?

...छे, छे, माझ्या स्वभावाचा इथे प्रश्नच येत नाही! इंग्रजी कागदावर माणसाला रक्कम लिहिता येते की नाही, एवढाच प्रश्न आहे! तुम्हाला सांगते, मी जुनी मॅट्रिक. छत्तीस वर्षं वकिलांच्या कचेरीत टंकलेखन केलं, आणि माझ्या हातून गेलेल्या कागदात कुणाला टाचणी घुसवता आली नाही. रक्कम आधी अंकी, मग अक्षरी, आणि शेवटी 'ओन्ली'! यात अवघड काय आहे, सांगा ना?

पण आमची भाचेसून! राहतं घर मी भाच्याला चाळीस लाखांना द्यायचं ठरवलं, आणि त्या पैशांत वृद्धनिवासातली बागेकडची स्वतंत्र खोली घ्यायची. पाहूनसुद्धा आले होते हो, खिडकीशी खुर्ची कुठे ठेवायची तेही ठरलं होतं! खरेदीखताचा मसुदा टाइप केला भाचेसुनेनं. "मावशी, एकदा नजर टाकता?" अशी मान वाकडी करून! मी म्हटलं, आण; आणि मी तपासत असताना मध्ये तोंड उघडू नकोस.

कागद उघडला आणि... अरे देवा! चलनाचं चिन्ह ओळीच्या शेवटी आणि आकडा पुढच्या ओळीत, जणू नवरा-बायको भांडून वेगळ्या खोल्यांत निजलीत! स्वल्पविराम तर मीठ भुरभुरावं तसे! चिन्ह आणि आकडा यांत एवढी जागा, की एखादा भामटा तिथे आणखी एक आकडा बसवून वर पाय पसरून झोपेल. आणि 'ओन्ली'? नावालाही नाही! मी म्हटलं, "तुझ्या वडिलांनी तुझ्या कॉलेजची फी भरली, त्या पावतीवरची रक्कम तरी तपासली होती का गं? फसले बिचारे!" तिचे डोळे भरले. भरू देत, डोळे भरल्यानं स्वल्पविराम जागेवर येत नाहीत. भाचा? तो चहात बिस्किट बुडवत बसला होता, ते बुडालं.

किमतीच्या सातव्या कलमात तर कहर! अंकी चाळीस लाख, आणि अक्षरी 'थ्री मिलियन', म्हणजे तीस! ती चाचरत म्हणते, "मावशी, तिथे ना, चाळीसच..." मी म्हटलं, "चूप! आकडा आणि अक्षर भांडले की अक्षराचं खरं, हे कचेरीत पहिल्या दिवशी शिकवतात!" आणि लाल पेनानं आकडा खोडून अक्षराबरहुकूम केला, बाजूला सही ठोकली, पुढे स्वहस्ते लिहिलं, 'ओन्ली'. रक्कम आधी अंकी, मग अक्षरी...

दुसऱ्या दिवशी नोंदणी. नवा कागद पाहिला, तर चिन्ह आकड्याला चिकटलेलं, स्वल्पविराम जागच्या जागी, फट म्हणून कुठे नाही... इतका देखणा कागद की या वेळी माझे डोळे भरले! केली सही.

चेक हाती आला तेव्हा कळलं, हो! दहा लाख कमी! धावले आमच्या वकिलांच्या मुलाकडे. तो कागद उजेडात धरून म्हणतो, "बाई, एक जरी चूक असती ना, तर मी भांडलो असतो. यात बोट ठेवायला जागा नाही. आणि मसुद्यावरची ही दुरुस्ती... अक्षर तर तुमचंच!"

भाचेसुनेला विचारलं, "तुला दिसत होतं ना गं?"

"हो मावशी. पण तुम्हीच म्हणालात ना, मध्ये तोंड उघडू नकोस."

आणि भाचा म्हणतो, "मावशी, कागद म्हणजे कागद!" बिस्किट बुडवणारा तो, आता याला वाचा फुटली!

आता मी त्याच वृद्धनिवासात, पण मोरीकडच्या खोलीत, एका घोरणाऱ्या बाईंबरोबर. काल भाचेसून आली. हातात कागद, मान वाकडी. "मावशी, एकदा नजर टाकता?" पाहते तर माझंच मृत्युपत्र! उरलेली सगळी शिल्लक भाच्याला. आणि रक्कम? नुसती अंकी! अक्षरी नाही, 'ओन्ली' नाही, स्वल्पविराम पुन्हा भुरभुरलेले...

काढलं लाल पेन. काय करणार, चुकीचा कागद बघवत नाही मला! सगळं जागच्या जागी करून दिलं... सही? केली की! एवढा नेटका कागद बिनसहीचा कसा ठेवायचा?