पाळण्यावरचा कॅमेरा

हसणार असाल तर सांगत नाही. सांगलीच्या कॉलेजात मी शिकवत होते, "नेटवर्क कमी पडलं तर चित्र अडकू दे, आवाज आधी जपायचा." टेबलावरच्या फोनवर तासगावच्या घरचा पाळणा दिसत होता. तास चालू म्हणून आवाज मी बंद ठेवलेला. पाच मिनिटं झाली, लेक हलेचना! घाबरून वर्गातूनच सासूबाईंना फोन लावला.

"आत्या, बाळ हलत नाही हो!"

"आगं, ती पाळण्यात कुटं हाय? माझ्या पायावर न्हातीया. कवाधरनं बोंबलतीया, आयकू येत न्हाई व्हय तुला?"

अडकलं होतं ते चित्र. आत्यांचा आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचला. तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, आवाज आधी जपायचा, हे परीक्षेला येणार?"

"आत्ताच येऊन गेलं," मी म्हटलं, "मी नापास."