आहे त्या जागी उपयोगी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या दप्तर मंडळाचे कार्याध्यक्ष माननीय माधवराव, व्यासपीठावर खुर्चीच्या कडेला संकोचून बसलेले सत्कारमूर्ती श्री. लक्ष्मीकांतराव फणसळकर, पहिल्या रांगेत माझ्याकडे बघायचं टाळणाऱ्या सौ. शामलावहिनी, आणि जयेंद्रगंजात गाडी लावायला जागा मिळाली नाही तरी इथवर आलेल्या बंधुभगिनींनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. बालपण संस्कृत पाठशाळेत गेलं, आणि पंचवीस वर्षं मी पुण्याच्या एका मासिकाला ग्वाल्हेरची वार्तापत्रं पाठवतो आहे. दोन्ही सवयी दोन शब्दांत आटपणाऱ्या नव्हेत. सांभाळून घ्या.

लक्ष्मीकांतराव छत्तीस वर्षांपूर्वी या मंडळात सहायक म्हणून आले आणि आज सहायक म्हणूनच निवृत्त होत आहेत. निमंत्रणपत्रिकेत याला 'अखंड सेवा' म्हटलं आहे. शब्द चोख आहे. मध्ये पायरीच आली नाही, तर खंड पडणार कुठे?

आपल्या दप्तरखान्यात काय आहे, हे नव्या मंडळींसाठी सांगतो. दक्षिणेतल्या एका कलेक्टर कचेरीतले, इंग्रजी अमलातले कागद. महसूल खात्यात आपली माणसं कशी नेमत, कशी चढवत, त्याची ही हकिकत. आधी उमेदवार म्हणून बिनपगारी बसायचं, कुणीतरी मरेपर्यंत. मग कारकून, मग अव्वल कारकून, आणि देव पावला तर शिरस्तेदार. हे कागद ग्वाल्हेरला कसे आले? तिकडे ज्यांची बढती अडली, त्यांतले काही इकडे दरबारच्या नोकरीत आले आणि येताना नामंजूर अर्जांच्या नकला बांधून घेऊन आले. माणूस परगावी जाताना काय काय नेतो पाहा.

त्यात बळवंत रघुनाथ नावाचा एक कारकून आहे. लक्ष्मीकांतरावांनीच तो मला दाखवला, चहा पिताना.

"सात वर्षं उमेदवार, एकोणीस वर्षं कारकून," ते म्हणाले. "अव्वल कारकुनाची जागा तीनदा रिकामी झाली. यानं तीनदा अर्ज केला. आता साहेबाचा शेरा वाचा."

शेरा असा होता: 'कोणता कागद कुठे आहे हे या इसमास ठाऊक आहे. आहे त्या जागी अत्यंत उपयोगी. हलवू नये.' दुसऱ्या साहेबाने पहिल्याचा शेरा पाहून उतरवला. तिसऱ्याने नुसतं 'वरीलप्रमाणे' लिहिलं.

"आळशी असता तर चढला असता," मी म्हणालो.

"शेजारचे दोघे चढलेच की! त्यांना हलवल्यानं कुणाचंच काही अडत नव्हतं."

आम्ही खूप हसलो. मी त्यावर वार्तापत्र लिहिलं, तिन्ही साहेबांना चांगलं सोलून काढलं. वाचकांची पत्रं आली. ती मी जपून ठेवली आहेत, हे वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षी, म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी, मंडळातली अभिलेखपालाची जागा रिकामी झाली. आपल्या दप्तरसूचीचे खंड निघतात, त्यांवर संपादक म्हणून अभिलेखपालाचं नाव छापायचं, असा नियम आहे. पहिल्या तीन खंडांतली प्रत्येक नोंद तेव्हाच लक्ष्मीकांतरावांच्या हातची तयार होती. त्यांनी अर्ज केला. एकच पान. कार्यकारिणीने सभासदांचं लेखी मत मागवलं. सभासदांत मी होतो.

मी मत दिलं. मित्राचं काम, तेव्हा हात राखून कशाला लिहू? लिहिलं की फणसळकर हे दप्तरखान्याचे प्राण आहेत, त्यांना तिथून उठवून कार्यालयात बसवलं तर अभ्यासकांचे हाल होतील, त्यांच्या जागी दुसरा माणूस मिळणं अशक्य. संपूर्ण पत्रात निंदेचा एक शब्द नाही. कार्यकारिणी विचारी होती. तिने माझा शब्द मानला आणि भोपाळहून एक सज्जन अभिलेखपाल आणले.

सहा खंड त्यांच्या नावाने निघाले. लक्ष्मीकांतरावांचं नाव पहिल्या खंडाच्या ऋणनिर्देशात आहे, बाइंडरच्या खाली: 'यांनी कपाटे उघडून दिली.'

मी तेव्हा त्यांचं सांत्वनही केलं होतं. "काय करणार, बाहेरचा माणूस आणला यांनी," म्हणालो. ते म्हणाले, "चहा घ्या, गार होतोय."

त्यानंतर पंधरा वर्षं मी तिथे चहा प्यालो.

गेल्या महिन्यात या भाषणासाठी बळवंताचे कागद पुन्हा पाहावेत म्हणून दप्तरखान्यात गेलो. लक्ष्मीकांतरावांच्या हाताखाली तयार झालेली आपली गरिमा, तिने कागद बांधलेला रुमाल सोडला. कागद चाळता चाळता ओरडली, "काका, ये तो आपका लेटर है! सही पण तुमचीच आहे. इतनी तारीफ केलीय तुम्ही सरांची, फिर भी नहीं मिला त्यांना?"

माझंच पत्र. बळवंताच्या तिसऱ्या शेऱ्याच्या लगेच खाली लावलेलं. वर क्रमांक, आणि लक्ष्मीकांतरावांच्या रेखीव अक्षरात विषय: 'स्थानिक कारकून, बढती, आहे त्या जागी उपयोगी असल्याबाबत.'

ते खिडकीशी चष्मा पुसत उभे होते.

"तुम्ही वाचलं होतं?" मी विचारलं.

"न वाचता विषय कसा घालणार?"

"पंधरा वर्षं बोलला नाहीत."

"काय बोलायचं? त्यात खोटं एक अक्षर नव्हतं."

मग त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी दारातच सांगितलं, ते त्यांच्या परवानगीशिवाय सांगतो. "भाऊजी, त्या दिवशी हे घरी आले आणि म्हणाले, साहेब आपल्यातलाच निघाला. जेवले नाहीत. मी विचारलं, कोण? यांनी नाव नाही सांगितलं. आता गरिमाकडून कळलं." आणि आत निघून गेल्या. पाणी मात्र पाठवलं.

निंदेच्या मिषाने स्तुती किंवा स्तुतीच्या मिषाने निंदा केली, तर आपल्या अलंकारशास्त्रात तिला व्याजस्तुती म्हणतात. माझ्या पत्रात मिष नव्हतं. मनापासून स्तुती केली आणि माणूस गाडला. याला शास्त्रकारांनी नाव दिलेलं नाही. त्यांना कार्यकारिणीवर काम करावं लागलं नसावं.

ते पत्र मागे घेऊ द्या, अशी विनंती मी केली. "नोंद झालेला कागद काढता येत नाही," असं उत्तर मिळालं. तेव्हा आज सकाळी दुसरं पत्र घेऊन गेलो: माझं मत चुकीचं होतं, जागा फणसळकरांचीच होती, सहाही खंडांचे संपादक तेच आहेत. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं. आवकचा शिक्का मारला. "मुदतीबाहेर आलंय," म्हणाले. "तसं नोंदवावं लागेल." आणि नोंदवलं.

सातवा खंड छापखान्यात आहे. त्यावरही नियमाप्रमाणे अभिलेखपालाचंच नाव जाणार, असं माननीय अध्यक्षांनी मला काल सौजन्यपूर्वक कळवलं. नियम त्यांनी केलेला नाही. कुणीच केलेला नसतो.

कार्यकारिणीच्या सभासदांना एवढंच विनवतो: उद्या गरिमाचा अर्ज येईल, तेव्हा तिच्याविषयी चांगलं लिहू नका. मुलगी बरी आहे, हलवली तरी चालेल, एवढं पुरे. मोठ्या कामाला माणूस पाठवायचा असेल तर इतकीच शिफारस करावी, हे मी फार महागात शिकलो, आणि किंमत दुसऱ्याने दिली.

वेळ झाली. मंडळाचे, अध्यक्षांचे आणि शांतपणे ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे आभार. बोलण्यात कुठे अधिकउणं झालं असेल तर सभेने पोटात घालावं. लक्ष्मीकांतरावांकडे मात्र मी क्षमा मागत नाही. छत्तीस वर्षं आम्ही आमचे कागद त्यांच्या टेबलावर आणून ठेवले. आज त्यांचं टेबल रिकामं आहे, ते तसंच राहू द्यावं.