छ्यू यांच्या डुक्करफार्मची मोरी बुजवल्याबाबत

थान फंगयिंग, वय ५३ वर्षे, धंदा कमळकाकडीची शेती, राहणार लिउथांग गाव, हुनान प्रांत. दिनांक १४ जानेवारी २०१७, सकाळी १०.२०.

पोलीस चौकीत समक्ष हजर राहून सांगते की, वरील गावी मी व माझा नवरा यू हानछिंग राहतो. आमचे कमळाचे तळे टेकडीच्या पायथ्याशी आहे. टेकडीवर छ्यू दवांग यांचा फार्म असून त्यात बाराशे डुकरे आहेत. काल सकाळी मी फार्मच्या सांडपाण्याची मोरी वाळूची पोती व चिकणमाती घालून बंद केली. त्यामुळे फार्मात पाणी तुंबले, ही छ्यू यांची तक्रार खरी आहे. माझ्यासोबत कोणी नव्हते.

विचारल्यावरून सांगते की, मोरीचे पाणी आधी ओढ्यात जात होते. तीन वर्षांपूर्वी मीच बदकाची अंडी घेऊन छ्यू यांच्याकडे गेले व मोरी आमच्या तळ्याकडे वळवा म्हणून विनवले. डुकराच्या खतासारखे खत नाही, हे लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यांकडून ऐकत होते. पुढे दर सणाला मी अंडी पोचवली. त्याची मला लाज वाटते, तेही लिहून घ्यावे.

कमळकाकडी पायाने शोधतात. कंबरभर चिखलात उतरून अनवाणी चाचपावे लागते, बुटाने काकडी मोडते. ११ नोव्हेंबरला नवऱ्याच्या तळपायात शिंपला घुसला. जखम बोटाच्या पेराएवढी होती. आठ दिवसांत पोटरीपर्यंत पाय सुजला व काळा पडू लागला. जिल्हा इस्पितळात पू तपासला. डॉक्टरीणबाईंच्या कागदावर अकरा औषधे होती, पैकी नऊ औषधांपुढे फुली, म्हणजे ती या जंतूंवर चालत नाहीत. यातले कुठले औषध हे सारखे घेतात, असे त्यांनी विचारले. माझा नवरा तापातसुद्धा आल्याचे पाणी पिऊन झोपतो, असे मी सांगितले. तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्या वरच्या अंगाला डुकरं आहेत का?"

रोज थोडे थोडे औषध मिळाले की जंतू निर्ढावतात व पाण्याबरोबर खाली येतात, असे त्यांनी समजावले. मी छ्यू यांना जाऊन विचारले. सगळ्याच डुकरांच्या खाद्यात रोज औषधाची भुकटी मिसळतो, आजारी असोत नसोत, त्याने वजन भरते, असे त्यांनी न लपवता सांगितले. वर मला म्हणाले, "वहिनी, औषध मी डुकरांना देतो, हानछिंगदादाला नाही. त्यांना म्हणावं, जपून पाय टाकत जा." तरीही मी मोरीला हात न लावता घरी आले.

या महिन्याच्या १२ तारखेला छ्यू यांच्याकडे आमच्या पंचांगाप्रमाणे वर्षअखेरचे डुक्कर कापले व गावजेवण झाले. न जाणे म्हणजे अपमान, म्हणून गेले. मांस चवदार होते. हे काळे डुक्कर फार्मातले नव्हते. छ्यूंच्या सुनेने ते स्वयंपाकघरामागे रताळ्याचे वेल व उरलासुरला भात घालून वाढवले होते. वर बाराशे असताना हे वेगळे कशाला पाळले, असे मी सहज विचारले. छ्यू हसून म्हणाले, "अहो वहिनी, ती विकायची. घरच्या माणसांना ती कोण खाऊ घालतं?" पंगतीतले सगळे हसले. माझ्या तोंडात घास होता. मी वाडगा खाली ठेवून उठले व दुसऱ्या दिवशी उजाडताच मोरी बुजवली.

मोरी उघडून छ्यू यांची माफी मागावी, म्हणजे प्रकरण मिटेल, असे मला येथे सुचवण्यात आले. मी माफी मागणार नाही. ज्या माणसाला आपल्या ताटात काय नको ते पक्के ठाऊक आहे, त्याला आमच्या तळ्यात काय सोडतो तेही ठाऊक होते.

जबाब लिहिणाऱ्या साहेबांनी हे वाचून दाखवले. त्यात "घाण पाणी" होते, तेथे "औषधाचे पाणी" करून घेतले. घाण आम्ही जन्मभर उपसली, घाणीने कुणाचा पाय गेला नाही. "गैरसमजातून घडले" हे वाक्य मी सांगितले नव्हते, ते खोडले. बाकी माझ्या तोंडचे आहे.

सही लवकर घ्यावी. तीन वाजता इस्पितळात पोचायचे आहे. नवऱ्याचा पाय गुडघ्याखालून काढायचा आहे, त्या कागदावरही सही माझीच लागते.