दोन ब्रेकची गाडी

मी, खाली सही करणार बाई, वय सत्तेचाळीस वर्षे, धंदा मोटार चालवायला शिकवणे, राहणार ड्रायव्हिंग स्कूलच्या वरच्या मजल्यावर, पेट्रोल पंपामागची गल्ली. गल्लीत मला क्लचवाल्या बाई म्हणतात, त्या नावाने विचारले तर कोणीही घर दाखवील. आज सकाळी आपण होऊन पोलीस ठाण्यात आले आणि विचारल्यावरून समक्ष सांगते ते असे:

सगळ्यात आधी एक दुरुस्ती. ठाण्याच्या खिडकीशी, दोरीच्या अलीकडून, "माझी गाडी चोरीला गेली" असे मी ओरडले, ते खरे नाही. गाडी चोरीला गेलेली नाही. पण साथीच्या दिवसांत इथे कोणाला आत घेत नाहीत, अर्ज पेटीत टाका म्हणतात, आणि माझे काम पेटीत पडून राहण्यासारखे नव्हते. चोरी म्हटल्यावर हवालदार खुर्चीतून उठले. त्यांना खोटे सांगून उठवले याबद्दल त्यांनी मला जे सुनावले, ते मी ऐकून घेतले आहे.

घरात आम्ही तिघे राहतो: मी, माझे पती आणि माझी धाकटी जाऊ. घरात आणि गल्लीत तिला सगळे धाकटीच म्हणतात. दीर जहाजावर स्वयंपाकी आहे. साथ सुरू झाल्यापासून त्याच्या जहाजाला कोणत्याच बंदरात घेत नाहीत, त्यामुळे तो समुद्रातच अडकला आहे. त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी पुतणी, दुसऱ्या शहरात इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला आहे आणि भाड्याच्या खोलीत एकटी राहते. माझ्या पतींनी उमेदीची वर्षे दगड कापण्याच्या कारखान्यात घालवली, त्यांच्या फुप्फुसांत धूळ बसली आहे. जिना चढून आले की बोलायला त्यांना वेळ लागतो. हा आजार झाला तर ते वाचणार नाहीत, असे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले आहे.

गाडीविषयी सांगते, कारण सगळे त्यावरच आहे. ती शिकवण्याची गाडी आहे. शेजारच्या सीटपुढेही, म्हणजे माझ्या पायाशी, एक ब्रेक आणि एक क्लच आहे. धाकटीने साथीच्या आधी माझ्याकडे शिकायला सुरुवात केली. तिचे लर्निंग लायसन्स आहे, पक्के नाही. स्टिअरिंग छान धरते, गिअर टाकताना जीभ बाहेर काढते, ब्रेकच्या बाबतीत मात्र सगळा आनंदीआनंद. समोर काही आले की पाय कुठून उचलायचा आणि कुठे ठेवायचा, याचा ती विचार करत बसते. तोवर मी माझ्या बाजूचा ब्रेक हळूच दाबते. घाबरट माणसांना मी असेच शिकवते. गाडी आपणच थांबवली असे वाटू द्यायचे, धीर येऊ द्यायचा, आणि शेवटच्या धड्यांत आपला पाय काढून घ्यायचा. ते शेवटचे धडे झालेच नाहीत, शिकवण्या बंद पडल्या. गाडी मागे घ्यायला शिकवायचेही त्यातच राहून गेले.

म्हणजे धाकटीला गाडी पुढे नेता येते. थांबवता येते असे तिला वाटते. मागे घेता येत नाही.

परवा पुतणीचा फोन आला. ताप आणि धाप. इस्पितळात खाट नाही म्हणून खोलीतच पडून राहायला सांगितलेले. घरमालकीण जेवण दाराशी ठेवते आणि पळते. "मी बरी आहे गं आई," असे पुतणी म्हणाली, पण एवढेसे वाक्य म्हणायला तिला मध्ये थांबावे लागले. धाकटीने ते ऐकले. माझ्याही कानांतून ते सुटले नाही, तसे थांबत बोलणारे माणूस मी रोज घरात ऐकते.

मग धाकटीने तिच्याकडे जायचे तर कसे, यावर आम्ही स्वयंपाकघरात बसलो. खिडक्या सताड उघड्या, तिघे तीन कोपऱ्यांत. बस बंद. भाजीचा ट्रक जातो, पण केबिनमध्ये आधीच दोघे, त्यात ही तिसरी कोंबून बसणार. भाड्याची गाडी मिळत होती. मी त्या ड्रायव्हरला फोन करून विचारले, "या आठवड्यात कोणाकोणाला नेलंस?" तो म्हणाला, "बाई, धंदा करू की हजेरी घेऊ?" तो विषय तिथेच संपला. राहिली माझी गाडी. मी चालवायची, धाकटी मागे बसणार, चारही काचा खाली, दोघींच्या तोंडाला मास्क, पाणी आपापले, वाटेत उतरायचे नाही, बोलायचेही नाही. "दोन जावा एका गाडीत आणि तोंडं बंद? मग हा आजार खरंच वाईट आहे," असे माझे पती म्हणाले आणि आम्ही हसलो. मी तिला पुतणीच्या दारात सोडून तशीच परत फिरणार होते. हे सगळे माझ्याच तोंडून ठरले. काल दुपारी शहराबाहेर जायचा परवाना काढला. त्यावर प्रवासी म्हणून तिचे आणि ड्रायव्हर म्हणून माझे नाव आहे.

काल संध्याकाळी पतींना खोकल्याची उबळ आली. रोजच्यासारखीच होती, पण ती संपेपर्यंत मी दाराची चौकट धरून उभी होते. मग खाली अंगणात गेले. धाकटी सकाळसाठी गाडी पुसत होती. मी तिला सांगितले, "माझ्याच्यानं होणार नाही गं. मी तिथून काही घेऊन आले तर हे जातील." ती म्हणाली, "बरं." वाद घातला नाही, रडली नाही. त्यापेक्षा माझ्या झिंज्या उपटल्या असत्या तर बरे वाटले असते.

मग तिने फडका पिळत विचारले, "ताई, खरं सांगा. मी ब्रेक नीट मारते ना?" एकदा नाही म्हणून मी नुकती मोकळी झाले होते. लगेच दुसऱ्यांदा नाही म्हणायला जीभ रेटली नाही. मी म्हटले, "उत्तम मारतेस." ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि पुन्हा काच पुसायला लागली. ती असे का विचारते आहे, हे मला तेव्हा कळायला हवे होते. कळले नाही.

आज सकाळी उठले तर अंगणात गाडी नाही. धाकटीच्या चपला नाहीत, परवाना नाही. माझे पती पायरीवर बसलेले, हात गुडघ्यांवर टेकलेले, ओठ निळे. गाडी मी भिंतीकडे तोंड करून लावली होती. धाकटीला मागे घेता येत नाही, मग गाडी बाहेर निघाली कशी, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, "मी ढकलली."

मी त्यांच्यावर ओरडले. समोरच्यांनी खिडक्या उघडल्या. "तुमच्यासाठी तिला नाही म्हटलं ना मी! आणि तुम्ही गाडी ढकलता?" त्यांनी दम जमवला आणि म्हणाले, "भीती तुझी आहे. ती माझ्या नावावर खपवू नकोस." एवढ्या वर्षांच्या संसारात ते माझ्याशी असे कधी बोलले नव्हते. हवालदार विचारतात म्हणून सांगते, ते आता पडून आहेत, ओठांचा रंग परत आला आहे, आणि समोरच्या शिंपीणबाई दारातून लक्ष ठेवून आहेत.

एकटीने गाडीत बसून जाणे सगळ्यात सुरक्षित, कोणाचा श्वास नको नि कोणाला आपला नको, असे पतींनी आणि धाकटीने मिळून ठरवले होते. आजारापुरते ते बरोबरच आहे. ब्रेकचे माझ्या पतींना माहीत नव्हते, मी ते कोणालाच सांगितलेले नव्हते. त्यांनी तिला विचारले होते, "जमेल ना गं तुला?" ती म्हणाली होती, "ताई उत्तम म्हणाल्यात."

मी तिला फोन लावत राहिले. वाजतो, ती उचलत नाही. गाडी चालवताना फोन पुढच्या कप्प्यात टाकायचा, कप्पा बंद करायचा आणि कोणाचाही आला तरी उघडायचा नाही, हे मीच तिच्या डोक्यात बसवले आहे. आज पहिल्यांदा वाटले, की नीट शिकवले नसते तर बरे झाले असते.

शहराबाहेर पडल्यावर रस्ता लांबच लांब उताराने नदीकडे जातो. उतार संपतो तिथेच, पुलाच्या तोंडाशी, तुमचा नाका आहे. आडवा दांडा आणि दांड्यापुढे तुमची माणसे. तिथे थांबायचे तर ब्रेक बऱ्याच आधीपासून दाबत यावे लागते. त्या उतारावर धाकटीला मी शिकवायला नेले आहे, आणि प्रत्येक वेळी तो ब्रेक मी दाबला आहे.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. माझी मागणी एवढीच की नाक्यावर फोन करावा. पुढेमागे लाल एल लावलेली पांढरी गाडी दिसली की दांडा आधीच वर करावा आणि माणसे बाजूला घ्यावीत. तिला परत फिर म्हणू नये, तिला फिरता येत नाही. गाडी मी दिली आहे असे लिहावे. पक्के लायसन्स नसणाऱ्या माणसाच्या हाती गाडी दिल्याचा जो काही गुन्हा होत असेल, तो माझ्यावर लावावा. माझ्या पतींचे नाव त्यात घालू नये, त्यांना ठाण्याचा जिना चढवणार नाही.

येथे जबाब थांबवून हवालदारांनी नाक्यावर फोन लावला आणि मला ऐकू यावा म्हणून मोठ्या आवाजावर ठेवला. नाक्यावरच्या शिपायाने सांगितले ते मी स्वतः ऐकले, ते असे.

ती गाडी मघाशीच येऊन गेली. अख्खा उतार पहिल्या गिअरमध्ये बोंबलत उतरली, मागे दुधाच्या गाड्यांची ही रांग. नाक्यापासून पार लांब थांबली ती पुढे येईचना. शेवटी शिपायालाच उन्हातून चालत तिच्याकडे जावे लागले. परवान्यावर ड्रायव्हर म्हणून दुसरीच बाई, म्हणून त्याने तिला परत फिरायला सांगितले. तिने प्रयत्न केला तर गाडी रस्त्यात आडवी झाली आणि दूधवाले भोंगे वाजवायला लागले. तेव्हा ती त्याला म्हणाली, "दादा, मला मागं घेता येत नाही. पुढं सोडा, लेक एकटी पडलीय." दुधाच्या गाड्या खोळंबल्या म्हणून सगळ्यांनी मिळून गाडी सरळ केली आणि दांडा वर केला. जाताना त्याने तिला विचारले, "बाई, एवढ्या लांब कशाला थांबलात?" ती म्हणाली, "आमच्या ताई शेजारी बसून त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबतात. मला कळत नाही असं त्यांना वाटतं. आज त्या नाहीत, म्हणून लांबूनच थांबले."

हे ऐकल्यावर मला बाकावर बसवून पाणी दिले. म्हणजे धाकटीला पहिल्यापासून माहीत होते. काल अंगणात ती ब्रेकचे विचारत नव्हती. मी तिच्याशी खरे बोलते का, तेवढे बघत होती. मला फार लाज वाटली, आणि तिचा इतका अभिमान वाटला की मी ठाण्यातच रडले. हवालदार म्हणाले, गाडी नाक्यावरून नीट गेली, आता तो ब्रेकचा मजकूर काढून टाकू, उगाच तुमच्या अंगाशी येईल. मी तो राहू द्यायला सांगितले.

वरचा मजकूर हवालदारांनी मास्क खाली न घेता मोठ्याने वाचला. जिथे ऐकू आला नाही तिथे मी पुन्हा वाचायला लावला. मी बोलले तसेच उतरले आहे, कोणाच्या सांगण्यावरून काही घातलेले नाही. त्यात एवढेच वाढवावे, की पुलापासून पुतणीच्या शहरापर्यंत अजून बराच रस्ता आहे. सही करण्याआधी मी धाकटीला पुन्हा फोन लावला. पूर्ण वाजला. तिने उचलला नाही. म्हणजे गाडी चालू आहे.