सातव्या नंबरची मुलगी

पुरवणी जबाब. तबूक (सौदी अरेबिया), रविवार, दि. ११ मे २०२५, सकाळी १०.४० वा.

नाव सुरैया इस्माईल परकार, वय ५४ वर्षे, धंदा नोकरी, परिचारिका (प्रसूती विभाग). राहणार तिसरा मजला, फ्लॅट क्र. सहा. मूळ गाव ता. दापोली, जि. रत्नागिरी. वैवाहिक स्थिती विधवा. घरात राहणाऱ्या व्यक्ती एक.

मी पोलीस ठाण्यात आज आपण होऊन आले, मला कोणी बोलावले नव्हते. मी मराठीत सांगत आहे आणि आमच्या रुग्णालयातले कारकून श्री. सुशांत ते मराठीतच लिहून घेत आहेत. नंतर ते त्याचे अरबी करून ठाण्याच्या साहेबांना देतील. मी त्यांना बजावले आहे की माझे बोलणे गोड करून लिहायचे नाही. परवा शुक्रवारी याच ठाण्याच्या हवालदारासमोर मी जो जबाब दिला, तो खोटा होता.

माझ्या दारासमोर फ्लॅट क्र. पाचमध्ये फकरुद्दीन, त्याची बायको नबीला आणि त्यांची आठ मुले राहतात. ते आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. फकरुद्दीन एका बांधकाम कंपनीत इलेक्ट्रिक फोरमन आहे. मोठा मुलगा पंधरा वर्षांचा, धाकटा अडीच वर्षांचा. सातवी मेहनाज, वय साडेचार. आमच्या मजल्यावर त्यांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग असतो आणि माझ्या दाराबाहेर एक जोड असतो. त्या ढिगाबद्दल मी घरमालकाकडे दोनदा तक्रार केली आहे, हेही लिहा.

मी बावीस वर्षे बाळंतपणे करते. सातवी, आठवी, दहावी खेप असलेल्या बायका रोज बघते आणि मनात त्यांना नावे ठेवते. कधी तोंडावरही ठेवते. नबीलाचे आठवे माझ्याच वॉर्डात झाले. तेव्हा मी तिला म्हटले, बस कर गो आता, कारखाना काढलायस काय. ती टाके घालून घेत पडली होती, तरी हसली. म्हणाली, "आपा, मोजता तुम्ही. मला येताना एकेकच येतो." हे मी ईदेला आमच्या कोकणी बायकांत नकला करून सांगितले. सगळ्या पोट धरून हसल्या आणि मलाही बरे वाटले.

मला मूल नाही. तीन वेळा दिवस गेले आणि तीनही वेळा खाली झाले. नवऱ्याला जाऊन सहा वर्षे झाली. सुशांतराव म्हणतात, याची जबाबात गरज नाही. मी म्हणते, गरज आहे.

नबीलाच्या घरात बाहेर पडताना हजेरी घेतात. आई नाहीतर बाप "बोला" म्हणतो आणि मुले मोठ्यापासून धाकट्यापर्यंत आपापला नंबर ओरडतात. धाकट्याला अजून नीट बोलता येत नाही. त्याला एवढेच ठाऊक आहे की मेहनाज "सात" म्हणाली की आपण "आठ" म्हणायचे. जिन्यातली ही हजेरी मला घरात बसून ऐकू येते. बाई काय शाळा चालवते काय, असे मी पूर्वी म्हणत असे. अलीकडे ती ऐकू आल्याशिवाय शुक्रवार आहे असे वाटत नाही.

दि. ९ मे रोजी जुम्म्याच्या नमाजनंतर त्यांना शहराबाहेर नबीलाच्या भावाकडे जेवायला जायचे होते. त्यांची गाडी सात सीटची आहे आणि माणसे दहा, म्हणून ते नेहमी दोन फेऱ्या करतात. १.२० वाजता फकरुद्दीन एक ते चार नंबरची मुले आणि जेवणाची भांडी घेऊन गेला. पाच ते आठ नंबरची मुले नबीलापाशी घरात राहिली. सामान नेताना त्यांचे दार उघडे राहिले होते. नबीला आत नमाज पढत होती.

१.३० च्या सुमारास माझ्या दारावर तळहाताने थापा पडल्या. मेहनाज होती. एका पायात सँडल, दुसरी हातात. म्हणाली, खाला, बक्कल लावून द्या. मी तिच्या पायात सँडल घालून बक्कल लावले. शुक्रवारी मी डब्यातल्या आंब्याच्या रसाची सांदणे करते आणि एकटीला संपत नाहीत तरी आठ करते. तिने दोन खाल्ली आणि माझ्या पलंगावर चढून आडवी झाली. १.५० च्या आधीच तिला झोप लागली. मी बाजूला टेकले तर तिने माझा दंड ओढून डोक्याखाली घेतला.

शुक्रवारच्या जबाबात मी असे लिहून दिले की मुलगी तासभर जिन्यात एकटी भटकत होती, मी तिला आत घेतले, नंतर मला गाढ झोप लागली आणि आईने दारावर येऊन विचारलेही नाही. यातले एक अक्षर खरे नाही. ती जिन्यात भटकली नाही, दारासमोरून दारात आली. मी झोपले नव्हते. आणि नबीलाने विचारले होते.

२.१० वाजता खाली गाडीचा हॉर्न झाला. माझ्या दाराबाहेर नबीला "बोला" म्हणाली. पाच आले, सहा आले, पुढे काही आले नाही. धाकट्याला सात ऐकू आला नाही म्हणून तोही गप्प. नबीलाने पुन्हा पहिल्यापासून बोलायला सांगितले. पाच, सहा. तेव्हा माझ्या दंडावर झोपलेली मुलगी डोळे मिटूनच "सात" म्हणाली. हळू म्हणाली, दारापर्यंत जाण्याइतका आवाज नव्हता. मी तिच्या कानावर हात ठेवला.

लगेच माझे दार वाजले. नबीलाने विचारले, आपा, मेहनाज तुमच्याकडे आलीय का. तिने तीनदा विचारले. मग माझा फोन वाजला, तो मी उशीखाली ढकलला. मी असे का केले ते साहेबांनी आत्ता विचारले. मला वाटले, आठ घातलीस ना जन्माला, एक नसले की काय होते ते बघ जरा. पाच मिनिटे बघू दे, मग उघडीन. हे एक. आणि दुसरे म्हणजे तिला उठवावेसे वाटले नाही. माझ्या पलंगावर सहा वर्षांत दुसरे कोणी झोपलेले नाही.

पाचाची दहा मिनिटे झाली. नबीला गच्चीवर जाऊन आली, रस्त्यावर पळाली. शेजारपाजारचे लोक जमले. मी खिडकीच्या पडद्याआडून बघत होते. इमारतीच्या आवारात जमिनीखाली पाण्याची टाकी आहे आणि तिचे झाकण त्या दिवशी सरकलेले होते. फकरुद्दीन नमाजच्या पांढऱ्या कपड्यांतच आत उतरला. नबीला टाकीच्या कडेला उन्हात बसली होती. तिच्या मांडीवर धाकटा होता आणि ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. झाकणाच्या भोकाकडे बघत ती नुसते सात, सात म्हणत होती, मुलगी आतून उत्तर देईल असे. हे बघूनही मी खाली गेले नाही. आता उघडले तर काय सांगू, हे मला सुचेना. लाज वाटली आणि लाजेपायी आणखी उशीर केला.

३.४० वाजता पोलिसांची गाडी आली, तेव्हा मी मुलीला उचलून खाली नेले, नबीलाला फक्त मला झोप लागली होती म्हटले आणि वरचे खोटे हवालदाराला बाजूला घेऊन सांगितले. हवालदाराने ते लिहून घेतले. नबीलाने मुलीला छातीशी धरले आणि तिच्या सँडलचे बक्कल कोणी लावले ते विचारले. मी लावले म्हटल्यावर तिने माझा हात धरून डोळ्यांना लावला.

काल शनिवारी ती माझ्याकडे जेवण घेऊन आली. म्हणाली, "आपा, तुमच्याकडे होती म्हणून वाचली. टाकीत नव्हती, तुमच्याकडे होती." पुढे तिनेच सांगितले की मुले सांभाळता येत नाहीत असा जबाब आल्यामुळे फकरुद्दीनच्या कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा व्हिसा आहे त्या मालकाने, त्याला सुनावले आहे. आठवड्याभरात बायकोमुलांना खुरूज, म्हणजे देश सोडायचा शिक्का, लावून कायमचे गावी पाठव, मला पोलिसांची भानगड नको, असे तो म्हणाला. तो जबाब कोणी दिला हे तिला माहीत नाही. इमारतीतल्या दुसऱ्याच एका बाईवर तिचा संशय आहे. मी तिला सांगितले नाही. ती गेल्यावर मी ते जेवण जेवले, हेही लिहा.

मला एवढेच सांगायचे आहे की नबीलाला आपले मूल नाही हे हजेरी घेताक्षणी कळले आणि ती पहिल्यांदा माझ्याच दारावर आली. हयगय तिची नाही. टाकीकडे तिला मी पाठवले. त्या घरातल्या कोणालाही माझ्या शब्दावरून परत पाठवू नये. या जबाबाने माझे काय होईल ते मी साहेबांना विचारले. त्यांनी सांगितले की ते वरचे लोक ठरवतील, माझी नोकरी आणि इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, दोन्ही जाऊ शकतात. मला ते समजले आहे. जायचे झाले तर दापोलीला घर आहे, बंद आहे.

कागद पुरे करताना साहेबांनी आणखी एक दाखवले. शुक्रवारच्या जबाबात, गरज पडल्यास कोणाला कळवावे या रकान्यात, मी नबीलाचा फोन नंबर दिला होता. तिच्याविरुद्ध लिहून देताना खाली तिचाच नंबर दिला होता आणि ते माझ्या लक्षातही आले नव्हते. तो बदलून दुसरा द्यायचा का, असे त्यांनी विचारले. माझ्याकडे दुसरा नंबर नाही.

हा मजकूर सुशांत यांनी मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे, काही खोडायचे नाही. खाली सही करते.

सही: सुरैया इ. परकार